गुगली नेमकी आली कुठून? एका हौशी कौंटी क्रिकेटपटूची गोष्ट

एखाद्या नेत्याने अनपेक्षित खेळी केली की 'गुगली टाकली' असं आपण सहज म्हणतो. पण हा चेंडू शोधण्याचं श्रेय कुणाला दिलं जातं? इंग्लंडच्या बर्नार्ड बोझन्केट यांना.

कोण होते बोझन्केट?

जन्म १८७७ चा. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये. मिडलसेक्स कौंटीकडून ते 'हौशी' खेळाडू म्हणून खेळले.

हौशी म्हणजे काय?

तेव्हा एकाच संघात दोन वर्ग असायचे. व्यावसायिकांचं पोट क्रिकेटवर चालायचं. हौशींना मानधन नसे, फक्त खर्च मिळे. पण मान मोठा. ड्रेसिंग रूमही वेगळ्या आणि कर्णधारपद बहुतेक वेळा हौशीकडेच. हा भेद १९६२ मध्ये रद्द झाला.

गुगली कशी सापडली?

टेबलावर टेनिस बॉल टप्पा देऊन असा वळवायचा की समोरच्याला तो पकडता येऊ नये, हा त्यांचा आवडता खेळ. त्यातूनच कल्पना सुचली. कृती लेगस्पिनची, पण मनगट जास्त वळवल्याने चेंडू उलटा, म्हणजे उजव्या फलंदाजासाठी आत वळतो.

१९०० मध्ये लॉर्ड्सवर लीस्टरशायरचे सॅम्युअल को ९८ धावांवर यष्टिचित झाले. गुगलीचा हा पहिला बळी मानला जातो. गंमत म्हणजे त्या चेंडूने चार टप्पे खाल्ले होते!

मग हसू थांबलं

१९०४ मध्ये सिडनी कसोटीत बोझन्केट यांनी ५१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडने अ‍ॅशेस परत मिळवली. १९०५ मध्ये ट्रेंट ब्रिजवर १०७ धावांत ८ बळी. ऑस्ट्रेलियात गुगलीला 'बोझी' हे नावच पडलं.

मात्र त्यांची दिशा आणि टप्पा बेभरवशाचा होता. कसोटी सामने अवघे ७, बळी २५.

हौशी असण्याचा फायदा झाला का?

बहुधा हो. चार टप्पे खाणारे चेंडू टाकत राहण्याची चैन पोटासाठी खेळणाऱ्याला परवडली नसती. करार गेला की रोजीरोटी गेली. बोझन्केट यांना ती भीती नव्हती.

पुढे गुगली मात्र सगळ्यांची झाली. मिडलसेक्समधले त्यांचे सहकारी रेजी श्वार्झ यांनी ती दक्षिण आफ्रिकेत नेली. मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी तिला धारदार अस्त्र बनवलं आणि ३६ कसोटींत १४९ बळी टिपले.

बोझन्केट यांचं निधन १९३६ मध्ये, एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी झालं.