समाजवादोत्तर समाजपरिवर्तन : धाराशिव जिल्हा

ज्या समाजांत राज्यसत्तेने उत्पादन, पतपुरवठा आणि बाजार आपल्या हाती घेतलेले होते, त्या समाजांतून ती सत्ता माघार घेऊ लागल्यावर मालकी, श्रम, प्रतिष्ठा व आप्तसंबंध यांची जी नवी मांडणी होते, तिच्या अभ्यासास समाजशास्त्रात समाजवादोत्तर परिवर्तनाचा अभ्यास म्हणतात. १९८९ नंतरचा पूर्व युरोप आणि १९९१ नंतरचे सोव्हिएत प्रदेश ही या शाखेची मूळ क्षेत्रे होत. भारत साम्यवादी राष्ट्र कधीच नव्हता आणि येथील शेतजमीन सामुदायिक मालकीत कधी गेली नाही. तथापि १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत आला, आणि या दोन घटनांच्या आगेमागे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सहकाराच्या रूपाने जी राज्याश्रित अर्थव्यवस्था उभी राहिली, तिच्या विघटनाचा विचार याच शाखेच्या कक्षेत करणे सयुक्तिक ठरते. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात हा प्रवास विशेष ठळकपणे दिसतो. कारण एका शतकाच्या आत या जिल्ह्याने प्रथम सरंजामी आणि नंतर सहकारी अशा दोन व्यवस्थांचा अस्त पाहिला.

बालाघाटच्या पठारावर व तेरणा, मांजरा, सीना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला हा अवर्षणप्रवण प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ते संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर अवघ्या अकरा महिन्यांत, ऑगस्ट १९४९ मध्ये, जहागिरी नष्ट झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि १९५४ च्या कायद्याने इनामे व रोख नेमणुका संपुष्टात आल्या. दफ्तरातील फारसी मात्र जमिनीच्या अंगाला चिकटून राहिली. मदतमाश, खिदमतमाश या नावांनी नोंदलेल्या इनाम जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्यांना भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे परवानगीविना हस्तांतरण न करता येणाऱ्या जमिनीच्या, निर्बंधांखाली राहावे लागले, आणि त्यांपैकी मदतमाश जमिनींची वाट मोकळी करणारी कायदादुरुस्ती थेट २०२४ मध्ये झाली. रुमानियातील १९९१ च्या जमीन कायद्याचा अभ्यास करताना कॅथरीन व्हर्डरी यांनी दाखवून दिले की, कागदावर परत मिळालेली जमीन बांधावर सापडेलच असे नसते. सातबाऱ्याची व वहिवाटीची फारकत अनुभवलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्यास हा सिद्धांत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

१९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात सहकाराची इमारत उभी राहिली होती. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला होता. शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील यांच्यासारखे नेतृत्व लाभलेल्या या जिल्ह्यात डाव्या विचारांचा वारसाही क्षीण नव्हता. परंतु गावगाड्यास प्रत्यक्ष वळण दिले ते सहकारानेच. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना व नळदुर्गचा तुळजाभवानी कारखाना यांच्याकडे केवळ साखरेच्या गिरण्या म्हणून पाहणे अपुरे होईल. सभासदांचे भागभांडवल, शासनाचे भागभांडवल, वित्तसंस्थांचे कर्ज आणि त्या कर्जास शासनाची थकहमी अशा चार खांबांवर त्यांची उभारणी होई. उसाच्या बिलातून परतीच्या व बिनपरतीच्या ठेवी कापल्या जात आणि त्या पैशांतून सहकाराच्या छायेत शाळा, महाविद्यालये, रुग्णालये निघत. गावची सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि कारखाना या साखळीतून पीककर्ज येई व उसाच्या बिलातून वसूल होई. एक सभासद, एक मत, या नियमाने दोन एकरांचा धनी आणि पन्नास एकरांचा धनी वार्षिक सर्वसाधारण सभेत निदान तत्त्वतः समान पातळीवर येत. व्यवहारात चेअरमनची निवड आणि संचालक मंडळाची रचना भावकी, सोयरीक व तालुक्याच्या राजकारणातून ठरे, हे खरे. तरीही ज्या प्रदेशात एका पिढीपूर्वी जहागीरदाराच्या कचेरीत उभे राहून बोलावे लागे, तेथे शेतकऱ्याने उठून ताळेबंदावर प्रश्न विचारणे ही सामान्य गोष्ट मानता येणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या काळाची सर्वांत मोठी कमाई साखरेहूनही अधिक या नागरी सवयीची होती, आणि पुढील ऱ्हासाचे मोजमाप करतानाही तीच प्रथम विचारात घ्यावयास हवी.

या व्यवस्थेवरील टीका बाहेरूनच आली, असे नाही. १९८० च्या चाकण येथील कांदा आंदोलनापासून शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून शासनाचे भावनियंत्रण हेच शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले आणि बाजारपेठेच्या स्वातंत्र्याची मागणी केली. पूर्व युरोपात भिंती कोसळण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे महाराष्ट्रातील शेतकरी आपल्या भाषेत नियंत्रित अर्थव्यवस्थेचा हिशेब मागत होता, ही गोष्ट या विषयावरील जागतिक वाङ्मयात अभावानेच आढळते.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतरचे विघटन कोणत्याही एका दिवशी घडले नाही. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, आणि शतक पालटता पालटता कळंब तालुक्यात रांजणी येथे नॅचरल शुगर हा खाजगी कारखाना उभा राहिला. इकडे अवर्षण, अपुरा ऊस, कर्जाचे व्याज आणि व्यवस्थापनातील दोष यांच्या एकत्रित भाराखाली ढोकी व नळदुर्ग येथील कारखाने अनेक हंगाम बंद राहिले, व पुढे भाडेतत्त्वावर चालविण्यास देण्यात आले. कारखान्यांकडील थकबाकीने जिल्हा मध्यवर्ती बँकेचे हात बांधले गेले, आणि त्याची झळ ज्याच्या शेतात उसाचे कांडेही नव्हते अशा ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू खातेदारास लागली. पीककर्जासाठी त्याला राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात, सूक्ष्मवित्त कंपनीकडे किंवा पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जावे लागले.

भाडेपट्ट्याने चालणाऱ्या सहकारी कारखान्याची मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न या नोंदीच्या केंद्रस्थानी आहे. जमीन व यंत्रे संस्थेच्या नावे, बोजा बँकेचा, थकहमी शासनाची, चालविणारा खाजगी भाडेकरू, आणि भागाचा दाखला जुन्या ट्रंकेत जपून ठेवणारा सभासद, असे पाच हक्कदार एकाच धुराड्याभोवती उभे असतात. डेव्हिड स्टार्क यांनी १९९६ मध्ये हंगेरीतील उद्योगांविषयी लिहिताना सार्वजनिक व खाजगी यांची सीमारेषा पुसून टाकणाऱ्या अशाच मालकीला पुनर्संयोजित मालमत्ता असे म्हटले होते. मात्र हंगेरीत राज्याची मालमत्ता नागरिकांकडे व कंपन्यांकडे गेली. येथे मालमत्ता मुळातच अंशतः शेतकऱ्यांच्या भागांतून उभी राहिली होती. म्हणून खाजगीकरण हा शब्द येथे अपुरा पडतो. शेतकऱ्याचे भांडवल बुडाले, त्याचबरोबर सभासदत्वाचा आशयही विरून गेला. २००९ पासून लागू झालेल्या एफआरपीने, म्हणजे रास्त व किफायतशीर दराने, त्याच्या उसाला किमान भावाचा कायदेशीर आधार दिला खरा; परंतु त्या कायद्याच्या दृष्टीने तो ऊस पुरवठादार आहे, धनी नाही. सर्वसाधारण सभेत त्याने मागितलेला खुलासा आता साखर आयुक्तांच्या कार्यालयावरील मोर्चात मागावा लागतो.

नेतृत्वाच्या बाबतीत मात्र सातत्य विलक्षण आहे. ईव्हान सेलेनी यांनी हंगेरीच्या ग्रामीण भागात असे पाहिले की, ज्या कुटुंबांची समाजवादापूर्वी सुरू झालेली वर चढण्याची वाटचाल समाजवादाच्या काळात खंडित झाली होती, तीच कुटुंबे पुढे उद्योजक म्हणून प्रकट झाली. महाराष्ट्रात अशा खंडाची आवश्यकताच पडली नाही. सहकारी संस्था, शिक्षणसंस्था आणि विधिमंडळ या तिन्ही ठिकाणी वावरलेली घराणी खाजगी कारखानदारीच्या काळातही अग्रभागी राहिली.

ज्यांना सभासदत्व कधी मिळालेच नाही, त्यांचा इतिहास वेगळा लिहावयास हवा. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांस कारखाना सहकारी असो वा खाजगी, उचल आणि मुकादम तेच राहिले. भूमिहीन दलितांसाठी गायरानाचा लढा निर्णायक ठरला. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले, आणि उदारीकरणाच्या त्याच वर्षी काही कुटुंबांच्या हाती प्रथमच जमिनीचा कागद येण्याची शक्यता निर्माण झाली. पुणे, सोलापूर येथील कामधंद्याकडे तरुणांचे होणारे स्थलांतर हा या काळाचा सर्वपरिचित भाग असल्याने येथे त्याचा केवळ निर्देश पुरे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूरच्या किल्लारीसह या जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात गावे नव्या जागी बसली, चिरेबंदी वाड्यांच्या बोळांऐवजी सरळ रस्त्यांच्या वसाहती आल्या, आणि जातींच्या आळ्यांचा जुना आराखडा काही ठिकाणी मोडला, तर काही ठिकाणी नव्या नकाशावर पुन्हा उमटला. याच कार्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. घराच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या या स्त्रिया पुढे बचत गटांकडे आणि अवर्षणाच्या वर्षांत एक एकर शेतीच्या उपक्रमाकडे वळल्या : घरच्या जमिनीतील एक एकर मागून घ्यावयाचे, त्यात भाजीपाला, कडधान्य व भरडधान्य मिश्र पद्धतीने घ्यावयाचे, आधी घरच्यांच्या ताटाची सोय पाहावयाची आणि उरेल ते विकावयाचे. सहकाराच्या भरभराटीच्या काळात सभासदांच्या यादीत स्त्रियांची नावे विरळ असत आणि सभेतील आवाज त्याहून विरळ. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्याचा समावेश केला त्या या जिल्ह्यात, पेरणीचा निर्णय घेणाऱ्या या स्त्रियांपैकी पुष्कळांचे नाव आजही सातबाऱ्यावर नाही, आणि पीककर्ज व पीकविमा या दोहोंसाठी प्रथम मागितला जातो तो सातबाराच.