आमच्या अंगणातला ज्वालामुखी

गेल्या दिवाळीत आमच्या विरारच्या घरी सगळा गोतावळा जमला होता. भाऊबीज आटोपली, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले आणि भाच्याने मोबाइलवर बालीचे फोटो दाखवायला काढले. ऑफिसच्या पंधरा जणांबरोबर गेला होता. रात्री दोनला उठून, डोक्याला बॅटरी बांधून ही मंडळी बातुर नावाचा ज्वालामुखी चढली. उंची १७१७ मीटर. वर गेल्यावर गाईडने जमिनीतून येणाऱ्या वाफेवर अंडी आणि केळी उकडून खायला दिली, आणि मग सूर्योदय. फोटो खरंच सुंदर होते. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाच वाटला.

"मामा, आपल्याकडे असलं काही नाही ना," भाचा म्हणाला. "फार तर तो वसईचा किल्ला."

मला एकदम झोंबलं. मी म्हटलं, "अरे, तू बसलायस तोच ज्वालामुखीवर. उद्या पहाटे चारला उठ, दाखवतो."

बोलून गेलो खरा. पण आमच्या घरात एकाने कुठे जायचं म्हटलं की अकरा जण तयार होतात. सोपाऱ्याची आत्या (वय वर्षं ७२, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) म्हणाली, जीवदानीला चालत जायचं राहिलंय माझं, मीपण येणार. थोरले काका म्हणाले, तुम्ही सगळे पडाल कुठे तरी, मला यायलाच हवं. झालं! पहाटे साडेचारला थर्मास, पाण्याच्या बाटल्या, आगाशीची सुकेळी आणि उरलेल्या चकल्या घेऊन आमची वरात जीवधन डोंगराच्या पायथ्याशी पोचली.

तुमच्यापैकी जे विरारला आलेत त्यांना हा डोंगर माहीत आहे. स्टेशनवरूनच दिसतो. वर जीवदानी देवी, खडकात कोरलेल्या जुन्या लेण्यांत तिचं ठाणं. लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असं लोक म्हणतात (पांडवांना आपल्याकडे रात्री दुसरं काही काम नव्हतं असं दिसतं). कधी काळी वर किल्लाही होता. तेराशेहून जास्त पायऱ्या. आता वर जायला यांत्रिक सोयही आहे, पण आत्याला चालतच जायचं होतं.

शंभरेक पायऱ्या झाल्यावर भाच्याने विचारलंच, "मामा, तोंड कुठाय ज्वालामुखीचं?"

तर तोंड नाही. चित्रातल्यासारखा शंकू, वर खड्डा, त्यातून धूर, असला ज्वालामुखी इथे शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीलाच लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा नुसता वाहत राहिला. एक थर आला, थंड झाला, त्याच्यावर दुसरा. काही ठिकाणी दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. म्हणजे मधल्या काळात खडक झिजून त्याची माती होण्याइतकी उसंत मिळाली होती. असे थरांवर थर चढून सह्याद्रीत काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात गेली. आज हा काळा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अख्खा महाराष्ट्र त्यात बसवला तरी जागा उरेल. त्याच सुमारास डायनोसॉर संपले. मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीने ते मेले की इथल्या लाव्हाबरोबर निघालेल्या वायूंचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

या थरांना भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. मला बरेच दिवस वाटायचं की सापळ्याशी काही संबंध असेल. पण तो स्वीडिश भाषेतला 'पायरी'साठीचा शब्द आहे! घाटातले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ना, म्हणून. हे मी पायऱ्या चढता चढता, धापा टाकत सांगत होतो. भाच्याने बॅटरीचा झोत बाजूच्या खडकावर टाकला. दगडात बारीक बारीक छिद्रं होती. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. त्याने एका छिद्रात करंगळीचं टोक घालून पाहिलं आणि काही बोलला नाही. मला वाटलं, पोरगं जरा विरघळलं.

आत्या मधेच म्हणाली, "खाली अजून आग आहे की! वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत ना?"

हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याचे झरे आहेत खरे. पण त्यांच्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं, एवढंच. आत्याला हे काही फारसं पटलं नाही. तिला त्या वज्रेश्वरीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वसई हाती येऊ दे, तुझं देऊळ बांधीन, असा चिमाजीअप्पाने देवीला नवस केला होता अशी आख्यायिका आहे.

आणि इथून पुढे आमचा गप्पांचा विषय दगडावरून इतिहासावर गेला. खरं म्हणजे गेला नाहीच. तोच दगड पुढे चालू राहिला.

आत्या राहते त्या सोपाऱ्याचंच घ्या. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी आठवते, पण हे शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर. 'पेरिप्लस'मध्ये त्याचं नाव येतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खणला. त्याच साली भाटेळा तलावाजवळ त्यांना काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो भाग! पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा सापडला.

आता या आठव्या लेखात काय आहे, ते ऐकण्यासारखं आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकारी आणि मौजमजा करायला. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर हा राजा बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला आणि तिथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटायचं, दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलायचं. असा त्याचा आशय. आणि या भेटींत त्याला अधिक आनंद होतो, असंही त्यात सांगितलंय.

"म्हणजे सहलीवरच लेख लिहिलाय की!" भाचा म्हणाला.

खरंच की. त्या लेखाकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. कोटी वर्षं जुन्या लाव्हावर एका राजाने बावीसशे वर्षांपूर्वी कोरून ठेवलं की सहलीला जाऊन काय करावं. आणि तो दगड आमच्या आत्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पडून होता.

निम्म्या वाटेवर आत्या बसली. तिच्याबरोबर आम्हीही बसलो. चहा निघाला. पश्चिमेला अंधारात खाली विरारचे दिवे, त्यापलीकडे समुद्र असणार अशी नुसती काळी जागा. काकांनी हात करून दाखवलं, तिकडे अर्नाळा, आणि डावीकडे लांब वसई.

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तिथे दोनशे वर्षं राज्य केलं आणि याच काळ्या दगडाचे चिरे घडवून तट, चर्चेस, वाडे उभे केले. एवढंच नाही, हा दगड गलबतांतून गोव्यालाही गेला. जुन्या गोव्याचं बॉम जीझस बासिलिका तुम्ही पाहिलं असेल. सगळी इमारत तांबड्या जांभ्याची, पण दर्शनी भागातलं काळसर कोरीव काम आहे ना, तो दगड वसईचा. १६०५ मध्ये ते चर्च पूर्ण झालं. गोव्याला जाऊन त्याच्यासमोर मी स्वतः फोटो काढलाय, आणि तेव्हा मला हे ठाऊकही नव्हतं! घरचाच माणूस परगावी भेटावा आणि आपण ओळख न दाखवता पुढे जावं, तसं झालं.

मग १७३७ ते १७३९ ची मोहीम. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पाच्या माणसांनी तटाखाली सुरुंग पेरून सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं आणि किल्ला घेतला. दोन्ही बाजूंची माणसं फार मेली. तिथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या, नाशिकच्या नारोशंकरच्या देवळातली घंटा वसईचीच म्हणतात. दगड गोव्याला, घंटा नाशिकला. आमच्या गावातून काही ना काही बाहेर जातंच राहिलंय. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. तेव्हापासून माणसंही जाऊ लागली. फरक एवढाच, की ती संध्याकाळी परत येतात.

असो. आता जे सांगायचंय ते सांगतो.

वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. पूर्वेला तुंगारेश्वरच्या बाजूचे डोंगर हळूहळू वेगळे दिसू लागले. आणि त्यांतल्याच एका टेकडीचा अर्धा भाग नव्हता. सुरीने खरवस कापावा तसा सरळ कापलेला, खाली खाण, शेजारी क्रशर. शाळेत असताना मी त्या टेकडीवर करवंदं खायला गेलोय. भाच्याला तेच दाखवत मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "बघ, अशोकाने या दगडावर लिहून ठेवलं, पोर्तुगीजांनी कोरलं, आणि आपण? आपण नुसती खडी करतो."

काका इतका वेळ गप्प होते. बांधकामात त्यांनी चाळीस वर्षं काढलीत. ते शांतपणे म्हणाले, "तू राहतोस ती बिल्डिंग कशाची आहे?"

मी गप्प.

"स्लॅब भरला त्या दिवशी मी उभा होतो तिथे. खडी त्याच टेकडीची. तुझ्या बापाने कर्ज काढून घेतलेला ब्लॉक आहे तो. चाळीतून बाहेर पडताना रडला होता आनंदाने. तेव्हा टेकडी कोणाला आठवली नाही. मलाही नाही, तुलाही नाही."

काय बोलणार? दोनशे वर्षं पोर्तुगीजांनीही डोंगर फोडलेच असतील, आणि फोडणारी माणसं आपलीच असतील. त्यांची नावं कुठल्याच शिळेवर नाहीत. २००९ मध्ये इथे महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. दरम्यान लाखो माणसं इथे आली, कारण मुंबईत त्यांना परवडेना. त्यांनी राहायचं कशात? माझ्यासारख्या ब्लॉकवाल्याने त्यांना टेकडीची महती सांगणं जरा सोपंच आहे.

पण तरी मी काकांना म्हटलं, "काका, तुमचं पटतं. पण लाव्हा काही पुन्हा येणार नाही." बातुर अजून जिवंत आहे. १९२६ मध्ये त्याने पायथ्याचं गाव आणि देऊळ गिळलं, लोकांनी ते वरच्या अंगाला पुन्हा वसवलं. तिथे डोंगर घेतो आणि देतोही. आपला डोंगर देऊन बसलाय, एकदाच, ६ कोटी वर्षांपूर्वी.

काकांनी त्या टेकडीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अर्धी उरलीय. अर्धी ठेवली तरी पुष्कळ आहे." धंद्यातल्या माणसाने इतकं म्हणणं मला तरी मोठं वाटलं.

सूर्य आला. बालीत येतो तसाच असावा. अंडी-केळी उकडायला वाफ नव्हती, तेव्हा आगाशीची सुकेळी सगळ्यांना वाटली. आत्या देवीसमोर जाऊन आली आणि येताना गाभाऱ्याबाहेरच्या खडकाला हात लावून तोच हात कपाळाला लावला. भाच्याने फोटो काढला. सूर्याचा नाही, आत्याच्या हाताचा, खडकावर टेकलेला.

उतरताना तो म्हणाला, "मामा, तो अशोकाचा दगड आता कुठाय?"

मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. इतकी वर्षं चर्चगेटला नोकरी केली, त्या इमारतीवरून हजार वेळा गेलो असेन, पण त्या दगडापुढे कधी उभा राहिलो नाही. येत्या रविवारी भाच्याला घेऊन जायचं ठरवलंय. काकाही येतो म्हणाले. म्हणजे एकूण अकरा जण होणार, हे आलंच.