पाटील, मुकुंदराव गणपतराव

(१८८५–१९६७). सत्यशोधक पत्रकार, कवी व कादंबरीकार. ‘दीनमित्र’ साप्ताहिकाचे संपादक. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील तरवडी येथून त्यांनी हे पत्र प्रदीर्घ काळ चालवले. भटजी, शेटजी, कुलकर्णी आणि शहरी देशभक्त यांपैकी कोणीही त्यांच्या लेखणीतून सुटला नाही. ‘दीनमित्रकार’ म्हणूनच ते ओळखले जातात.

जन्माने ते कृष्णराव भालेकर यांचे पुत्र. भालेकर हे जोतीराव फुले यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी. १८७७ साली भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे पत्र सुरू केले. तरवडीच्या पाटील घराण्यात मुकुंदराव दत्तक गेले. त्या घरचे गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये पुण्याहून ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते. त्यांच्या अकाली निधनाने ते थांबले. म्हणजे जन्माच्या आणि दत्तकाच्या, अशा दोन्ही घरांतून मुकुंदरावांकडे वर्तमानपत्राचाच वारसा आला. भालेकर वारले त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९१० रोजी, मुकुंदरावांनी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिकरूपाने पुन्हा सुरू केला. पुढे त्याचे बिऱ्हाड तरवडीला हलले. खेड्यातून निघणारे देशातील पहिले वर्तमानपत्र, असा मान त्याला सामान्यतः दिला जातो.

ब्राह्मणेतर चळवळीची पुढची पत्रे मुख्यतः पुण्या-कोल्हापुरातून निघाली. वालचंद कोठारींचे ‘जागरूक’ १९१७ साली निघाले, श्रीपतराव शिंदे यांचा ‘विजयी मराठा’ १९१९ साली. शहरातल्या संपादकाला गावचा कुलकर्णी हा चर्चेचा विषय होता. तरवडीच्या संपादकाला तो रोज दिसणारा माणूस होता, आणि दप्तर त्याच्याच हाती होते. मुकुंदरावांच्या अग्रलेखांतली व स्फुटांतली धार इथून येते.

वादाचा भडका उडाला तो ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) या पद्यग्रंथाने. कुलकर्णी हा वंशपरंपरेने गावचा हिशेब राखणारा वतनदार. निरक्षर रयतेच्या सारा, खाते, वारसा या सगळ्यांच्या नोंदी त्याच्या लेखणीवर अवलंबून. त्या लेखणीच्या करामती मुकुंदरावांनी पद्यात मांडल्या आणि ग्रंथाला पोथीचे नाव दिले. ‘शेटजी प्रताप’मध्ये हाच प्रयोग सावकारावर केला. श्रीधर कवीच्या ‘शिवलीलामृत’ आणि ‘पांडवप्रताप’ या पोथ्या गावोगाव वाचल्या जात. ज्याला वर्तमानपत्र परके होते त्याला पोथी ऐकण्याची सवय होती, हे या माणसाने बरोबर हेरले. विडंबन म्हणून ते तिखट आहेच. प्रचाराचे साधन म्हणून त्याहून हुशारीचे. कुलकर्णी वतनदार खवळले यात नवल नाही.

विषय हवेतले नव्हते. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. ‘कुलकर्णी लीलामृत’ निघाल्यानंतर पाच वर्षांनी, १९१८ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात मात्र ही वतने रद्द व्हायला १९५० चा कायदा यावा लागला.

‘होळीची पोळी’ व ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या त्यांच्या कादंबऱ्या. पुरोहितशाही आणि कर्मकांड हे त्यांत झोडपण्याचे विषय. पात्रे बहुधा मताची बाहुली होतात, कथानक उपदेशापुढे मान तुकवते. कादंबरीकार म्हणून त्यांचे स्थान मोठे नाही. त्यांच्या टीकेचा खरा दोषही इथेच दिसतो. व्यवस्थेवर उगारलेला आसूड अनेकदा संबंध जातीवर पडतो. विरोधकांना त्यांना जातिद्वेष्टे म्हणणे सोपे गेले ते यामुळे. तरी शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि कागदाचा इतका बारकाईने पाठपुरावा करणारी पत्रे त्या काळी थोडीच होती.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला. बहिष्कृतांच्या प्रश्नांची वारंवार चर्चा करणारी म्हणून त्यांनी पहिल्याच अंकात जी पत्रे नावानिशी सांगितली, त्यांत ‘दीनमित्र’ आहे. ब्राह्मणेतरांतील निरनिराळ्या जातींचा ऊहापोह करणाऱ्या अशा पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नाला पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले.

१९३० नंतर ब्राह्मणेतर पुढारी केशवराव जेधे यांच्यासह चळवळीतले अनेक जण काँग्रेसमध्ये गेले. सत्यशोधक पत्रे एकामागून एक मिटली. ‘दीनमित्र’ १९६७ पर्यंत, म्हणजे संपादकाच्या हयातीइतका, चालला. तरवडीत त्यांचे स्मारक असून त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात.