'रिफ्यूज'ला मराठीत काय म्हणाल? धाराशिव, १९३८ ते १९४८ (थ्रेड)

हैदराबाद संस्थानाचा इतिहास इंग्रजी ग्रंथांतून वाचताना एक क्रियापद पुनःपुन्हा भेटते : 'रिफ्यूज'. सरकारने सभेची परवानगी 'रिफ्यूज' केली. विद्यार्थ्यांनी गीत थांबवणे 'रिफ्यूज' केले. निजामाने भारतात विलीन होणे 'रिफ्यूज' केले. पदव्युत्तर वर्गाची टिपणे मराठीत उतरवताना तिन्ही ठिकाणी 'नकार दिला' असे लिहून मी मोकळी झाले होते. वाक्ये शुद्ध होती, पण इतिहास हरवला होता. कोणी, कोणाला आणि कोणत्या पायरीवर उभे राहून 'नाही' म्हटले, हेच त्यातून उमगत नव्हते.

मित्रहो, या बाबतीत आपली भाषा विलक्षण श्रीमंत आहे. 'नाही', 'नको', 'नव्हे' आणि 'नये' हे चार वेगवेगळे निषेध आपण नकळत वेगळे ठेवतो. वस्तू नसणे वेगळे, ती नकोशी असणे वेगळे. यांतील 'नको' तर थेट हैदराबादेत पोहोचला. दखनीतील सुप्रसिद्ध 'नक्को' हा मराठीचाच. ज्या राजधानीचा कारभार उर्दूत चाले, तिच्या रस्त्यावरची नापसंती मात्र मराठी शब्दाने व्यक्त होई. (ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.)

उलट दिशेने आलेले शब्द कचेरीतले. निजामी राजवटीत दफ्तर, न्यायालये आणि १९१८मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ या सर्वांची भाषा उर्दू. 'मनाई', 'नामंजूर', 'नाकबूल', 'इन्कार' हे शब्द मराठीत त्याआधीपासून होते, पण धाराशिव, तुळजापूर, परांड्याच्या रयतेला ते रोज कानी पडत. 'मंजूर' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'पाहिलेले'. 'नजर' त्याच धातूपासून आली. म्हणजे अर्ज नामंजूर झाला, याचा शब्दशः अर्थ तो नजरेखालीच आला नाही. अर्जदारांचा अनुभवही बहुधा तसाच असावा.

'मनाई' सत्ता करते. १९२९च्या 'गश्ती निशान ५३' या परिपत्रकाने पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरवण्यास मनाई झाली. १९३८च्या सप्टेंबरात याचा कळस झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. जी संस्था अद्याप जन्मलीच नाही, तिला मनाई! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि पहिल्या सत्याग्रहींत स्वामी रामानंद तीर्थ होते.

स्वामीजींचा आपल्या जिल्ह्याशी असलेला संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. ते असहकाराचे वर्ष. 'असहकार' हाही नकारच, पण त्यात समोरच्याकडे काहीच मागितलेले नसते. तुमची शाळा आम्हांला नको, आम्ही आमची काढतो, एवढेच. या शाळेत व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे शिक्षक आले आणि पुढे तेच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले.

१९३८च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या महाविद्यालयात 'वंदे मातरम्' गाण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती धुडकावली. इथे 'फेटाळली' हे क्रियापद चालणार नाही. 'फेटाळणे' हे वरच्याने खालच्याचे मागणे बाजूला सारणे. 'धुडकावणे' म्हणजे वरून आलेला हुकूम, त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवून, न जुमानणे. किंमत खरोखरच मोजावी लागली. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

आता निजामाचा 'नकार'. जून १९४७च्या फर्मानात मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, असे जाहीर केले. पुढचे वर्षभर मात्र त्यांनी दिल्लीला ठाम 'नाही' क्वचितच ऐकवले. ऑक्टोबरात कराराचा मसुदा सिद्ध झाला होता. शिष्टमंडळ निघण्याच्या सुमारास इत्तेहादच्या जमावाने त्याची वाट अडवली आणि बोलणी पुन्हा लांबली. अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जो एक वर्षाचा करार झाला, त्याला मराठीने दिलेले नाव अचूक आहे : 'जैसे थे करार'. होकार नाही, नकारही नाही. माझ्या मते निजामाच्या धोरणाला 'नकार' म्हणण्यापेक्षा 'टोलवाटोलवी' म्हणणे अधिक यथार्थ. त्या टोलवाटोलवीच्या काळात सीमेवरची गावे रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळत होती आणि स्टेट काँग्रेसच्या छावण्या सोलापूर-बार्शीच्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग व बोरी नदीवरील पूल त्याच्या ताब्यात आला. १७ सप्टेंबरला संस्थानाने शस्त्रे खाली ठेवली. आपण हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो आणि शाळेतला इतिहास बहुधा इथेच थांबतो.

यापुढचा भाग लिहिताना हात थोडा अडखळतो. कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दौरा केला. त्यांच्या अहवालाने मृतांची संख्या किमान २७,००० ते ४०,००० असावी, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे होते : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पहिले नाव आपले आहे.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही आणि अनेक दशके सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. या कृतीला कोणता शब्द लावावा? 'फेटाळला' म्हणता येत नाही; फेटाळण्यासाठी आधी कागद खुलेपणी समोर यावा लागतो, कारणे द्यावी लागतात. जिल्ह्याच्या नामांतराविरुद्धच्या याचिका मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या, तेव्हा युक्तिवाद झाले आणि निकालपत्र आले. अहवालाबाबत घडला तो 'इन्कार'. ध्वनिसाम्यामुळे 'इन्कार' आणि 'नकार' भाऊ-भाऊ वाटतात, पण त्यांचे नाते नाही. 'नकार' संस्कृत 'न'पासून, तर 'इन्कार' अरबी 'न-क-र' या धातूपासून. त्या धातूचा मूळ भाव 'ओळख न देणे' हा आहे. नकारात समोरची गोष्ट आहे हे मान्य असते, ती नको असते एवढेच. इन्कारात ती घडलीच नाही, असे म्हटले जाते.

अहवाल एकांगी होता, असा आक्षेप घेणाऱ्यांनी तो संपूर्ण वाचावा. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद त्यात आहे. शेजारच्या मुस्लिम कुटुंबांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम व्यवसायबंधूंचे रक्षण हिंदू हल्लेखोरांपासून केले आणि त्यात स्वतःचे प्राणही गमावले, असे तो सांगतो. अहवाल दडला, तेव्हा हे विणकरही त्याच्यासोबत दडले. त्यांनी जमावाला जे 'नाही' म्हटले, ते आपल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही.

तुमच्या घरातील वडीलधारी माणसे १९४८ सालाला काय म्हणतात? 'रझाकारी', 'मुक्तिसंग्राम' की 'पोलीस ॲक्शन'? आजीआजोबांना विचारून, गावाच्या नावासह, खाली अवश्य लिहा.