मेणाचं नाक आणि गालाची फाइल

माझा एक मालवणचा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे. सध्या त्याच्या डोक्यात गाल घुसलेत. गालाच्या हाडावर तो कस्टम इम्प्लांट बसवून घेणार आहे. सीटी स्कॅन झाला, त्याच्याच हाडावर बसेल असा तुकडा कॉम्प्युटरवर डिझाइन झाला, आणि आता स्वारी तो थ्रीडी चेहरा मोबाइलवर सगळ्यांना दाखवत फिरतेय. "मापानेच केलंय, मग असंच दिसणार ना!" मावशीने मालवणहून फोनवर एवढंच विचारलं, "मेल्या, तुझ्या गालाक काय धाड भरली हा?"

माप घेऊन चेहरा दुरुस्त करण्याची एक जुनी गोष्ट याच पुण्यात घडलीय, १७९३ च्या सुमाराला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक जण टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचं नाक आणि एक हात कापून टाकला. इंग्रजांनी त्याचं नाव कोवासजी लिहून ठेवलंय (नाव पारशी वाटतं, पण पत्रात तो मराठा शेतकरी आहे). वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. तिची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

पद्धत वाचण्यासारखी आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा रोग्याच्या नाकाच्या बुंध्यावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. कातडी अर्धी पिळून खाली आणायची, कडा खाचेत बसवायच्या आणि वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, पानातलाच कात! खैराची झाडं आमच्याकडे रानात हवी तेवढी आहेत, पण कातावर नाक चिकटवता येतं हे आमच्या गावातल्या एकाही पानवाल्याने कधी सांगितलं नाही. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड लावायचं, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मधली पट्टी कापायची.

मला यातलं मेण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेही कस्टमच की, त्याच माणसाच्या चेहऱ्यावर घेतलेलं माप. पण रेघ मारून झाली की मेणाचं काम संपलं. ते कारागिरासाठी होतं, किती कातडी घ्यायची ते कळावं म्हणून. भावाच्या मोबाइलमधली फाइल मुळात तेच काम करते. तुकडा हाडावर नीट बसावा, हे ती सांभाळते. त्यावर जे मांस, चरबी, कातडी आहे, ते मिलिमीटरला मिलिमीटर पुढे येईलच असं नाही. पातळ कातडीखाली कड हाताला लागू शकते, जाड गालात बराचसा फरक बुडून जातो. आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू मुळातच कुणाच्या सारख्या नसतात.

पत्रातली भाषाही बघा. नवीन नाक घट्ट बसतं, जवळजवळ मूळ नाकासारखं दिसतं, आणि कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा जाणवत नाही. 'जवळजवळ' आणि 'फारसा'! अर्थात शस्त्रक्रिया यशस्वी होते असंही पत्रात आहे, पण किती जणांवर केली, याचा आकडा नाही. (क्लिनिकच्या जाहिरातीतले बिफोर-आफ्टर फोटो आठवा.) लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हीच पद्धत १८१४ मध्ये वापरली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात रोगी होते दोन, आणि तसं त्याने पुस्तकाच्या नावातच सांगितलंय.

कोवासजीकडे नाकच नव्हतं, त्यामुळे 'जवळजवळ' हा त्याला केवढा मोठा फायदा होता. (हात परत येणार नव्हताच.) भावाकडे गाल आहेत, चांगले धडधाकट. त्यामुळे त्याने डॉक्टरला रेंडरबद्दल कमी आणि बाकीचं जास्त विचारावं. इम्प्लांट बहुतेक वेळा तोंडाच्या आतून घालतात, तिथे जंतुसंसर्ग झाला तर काय? डोळ्याखालच्या नसेला धक्का बसून गाल, वरचा ओठ बधिर झाला तर किती दिवस? तुकडा सरकला किंवा आवडला नाही तर काढता येतो का, आणि त्याचे पैसे वेगळे का? पहिले काही आठवडे सूज असते आणि खरा आकार दिसायला काही महिने जातात. तेव्हा निदान गणपतीला घरी जायच्या आधीच्या आठवड्यातली तारीख तरी घेऊ नये.