खुडुक कोंबडी आणि उबवणीचें यंत्र

मुंबईहून निघालेली आगगाडी कसाऱ्याच्या पुढें थळघाट चढूं लागते आणि इगतपुरीस येऊन दम घेते. १८६५ सालीं लोहमार्ग येथवर पोंचला आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील हें लहानसें गांव रेल्वेचें ठाणें बनलें. पुढें १९३० च्या सुमारास याच घाटांत विजेचीं इंजिनें गाड्या ओढूं लागलीं. परंतु स्थानकापासून दूर, भाताच्या खाचरांपलीकडे, महादेव कोळी व ठाकर यांच्या पाड्यांवर एका कामाला ना वाफेची गरज होती, ना विजेची. घराच्या कोपऱ्यांत पेंढा घातलेल्या पाटींत खुडुक कोंबडी दहाबारा अंड्यांवर बसे, आणि एकविसाव्या दिवशीं पिलांचा चिवचिवाट ऐकूं येई. हा प्रकार आजही बंद पडलेला नाहीं. हेंच काम यंत्राकडून करून घेण्यासाठीं मनुष्यानें किती शतकें खटपट केली, आणि तें साधल्यावर कोंबडीचें काय झालें, हा इतिहास शहरांतील घरांत रोज अंडीं येत असूनही फारसा कोणाच्या कानीं गेलेला नाहीं.

कोंबडी खुडुक होते तेव्हां ती अंडीं घालणें थांबविते, खाणेंपिणें कमी करते, पिसें फुलवून एका जागीं बसून राहते आणि कोणी हात लावूं गेलें कीं टोंच मारते. प्रोलॅक्टिन नांवाच्या शरीरांतील स्रावानें ही वृत्ति जागी होते, हें १९३५ सालीं अमेरिकेंत रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगानें दाखविलें. तिच्या पोटाखालचीं पिसें गळतात आणि उघडी, ऊन कातडी अंड्यांना सरळ टेंकते. अंड्याला लागणारी ऊब फारेनहाइटच्या सुमारें शंभर अंशांची. ती बराच वेळ चारपांच अंशांनीं चढली तर गर्भ मरतो. थोडी उतरली तर पिलें उशिरां आणि अशक्त निघतात. ऊब दिली म्हणजे भागलें असेंही नाहीं. कोंबडी दिवसांतून अनेक वेळां चोंचीनें अंडीं फिरविते, कडेचीं मध्यें घेते व मधलीं कडेला सारते. कारण अंडें एकाच कुशीवर पडून राहिलें तर गर्भ कवचाच्या आंतल्या पापुद्र्याला चिकटतो. दिवसांतून एखाद्या वेळीं ती दाणापाण्यासाठीं उठते आणि घटकाभरांत परतते. तेवढ्या गारव्यानें कांहीं बिघडत नाहीं. शेवटच्या दोनतीन दिवसांत मात्र ती जवळजवळ हलत नाहीं. कवचाच्या आंतून पिलूं कुजबुजूं लागतें आणि ती त्याला हलक्या आवाजांत उत्तर देते.

ही सगळी क्रिया पक्ष्यावांचून करून दाखविण्याचें कसब मिसर देशानें फार प्राचीन काळीं मिळविलें. तेथें अंडीं उकिरड्याच्या उष्णतेंत पुरून उबवितात, असा उल्लेख ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें केला आहे. पुढें त्या देशांत कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधून बोळ, दोहों बाजूंस कोठड्या, खालच्या कोठडींत हजारों अंडीं आणि वरच्या कोठडींत गोवऱ्या व काड यांचा मंद विस्तव, अशी त्यांची रचना असे. उष्णतामापक यंत्र कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. भट्टीवाला अंडें उचलून आपल्या पापणीला लावी आणि ऊब कमी कीं अधिक तें ओळखी. तो उबवणीच्या दिवसांत भट्टींतच राही. विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि परक्याला सांगितली जात नसे. म्हणजे कोंबडीच्या जागीं मनुष्यच खुडुक बसला होता, असें म्हटलें तरी चालेल.

युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं डच संशोधक ड्रेबेल यानें आपोआप आंच सांभाळणारी भट्टी रचली आणि तींत अंडीं उबवून पाहिलीं. फ्रान्समध्यें रेओम्यूर या शास्त्रज्ञानें मिसरच्या भट्ट्यांची माहिती मिळवून, घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर पिंपांत अंडीं ठेवून स्वतः प्रयोग केले आणि १७४९ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याजवळ स्वतःचा उष्णतामापक होता, त्यामुळें पापणीचें काम पाऱ्याकडे व मद्यार्काकडे गेलें. तरीही रात्रीं कोणींतरी उठून आंच पाहावी लागेच. ती कटकट मिटविली इंग्लंडांतील हिअर्सन यानें. १८८१ सालीं त्यानें एका चपट्या धातूच्या डबींत झटकन वाफ होणारा द्रव भरला. ऊब मर्यादेबाहेर गेली कीं डबी फुगे, तरफ उचलली जाई आणि दिव्याची उष्णता बाहेर निसटे. दिसायला क्षुल्लक अशी ही डबी होती. पण तिनें मिसरच्या भट्टीवाल्याची रात्रपाळी संपविली. त्याच सुमारास, १८७९ मध्यें, कॅलिफोर्नियांतील पेटालुमा गांवीं बाइस यानें रॉकेलच्या दिव्यावरचें यंत्र विकावयास काढलें. पुढें १९२० नंतर वीज आणि पंखा आले, आणि एकाच कपाटांत हजारों अंडीं फिरूं लागलीं.

या धंद्याला आणखी एका नैसर्गिक गोष्टीनें हात दिला. पिलूं बाहेर पडण्यापूर्वीं अंड्यांतला उरलेला बलक पोटांत ओढून घेतें, म्हणून दोन दिवस त्याला दाणापाणी नसलें तरी चालतें. १९१८ पासून अमेरिकेच्या टपालखात्यानें एक दिवसाचीं पिलें खोक्यांतून नेण्यास मुभा दिली. आई एका गांवीं, यंत्र दुसऱ्या गांवीं आणि पिलूं तिसऱ्याच गांवीं, अशी व्यवस्था येथून रूढ झाली.

येथें इतिहासाला खरें वळण मिळालें. यंत्र कितीही अंडीं उबवूं लागल्यावर कोंबडीनें स्वतः बसणें हा दोष ठरला. खुडुक झालेली कोंबडी कित्येक आठवडे अंडें देत नाहीं, आणि हिशेबाच्या वहींत ते आठवडे तोट्याचे लिहिले जातात. म्हणून जी कोंबडी बसत नाहीं तिचीच वंशवेल वाढवावयाची, असें धोरण पिढ्यान्‌पिढ्या चाललें. इटलींतून अमेरिकेंत गेलेली लेगहॉर्न जात या धोरणास सर्वांत सोयीची निघाली. रानांतील तांबडी कोंबडी वर्षाला दहापंधरा अंडीं घालते, खेड्यांतील देशी कोंबडी पन्नाससाठ. नव्या जातींनीं तीनशेंचा आंकडा ओलांडला. त्या बदल्यांत आपलें अंडें उबवावें कसें हें त्या विसरल्या. विशेष असें कीं, या परदेशी कोंबडीच्या पिवळ्या पायांत सह्याद्रीचा अंश आहे. कातडीचा तो पिवळा रंग दक्षिणेकडील राखी रानकोंबड्याकडून आला, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. तो रानकोंबडा सह्याद्रीच्या जंगलांत अद्याप आरवतो, आणि त्याची मादी जमिनीवर पाचोळ्यांत अंडीं उबविते.

भारतांत सुधारलेलें कुक्कुटपालन प्रथम मिशनऱ्यांनीं आणलें. संयुक्त प्रांतांतील एटा येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मिशननें परदेशी कोंबडे वांटले. महाराष्ट्रांत पांढरपेशा घरांत अंड्याचें नांवही स्वयंपाकघरांत निघत नसे, तेव्हां इकडे या धंद्याला बळ यावें तरी कसें? शिवाय रोग होताच. १९२७ सालीं कुमाऊंतील राणीखेत येथें आढळलेली साथ पुढें त्या गांवाच्या नांवानेंच ओळखली जाऊं लागली. मराठी खेड्यांत तिला मानमोडी म्हणतात. तिच्यावरची लस मुक्तेश्वर व इज्जतनगर येथील पशुवैद्यकांनीं १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध केली, आणि तेव्हांच हजारों पक्षी एका छपराखालीं ठेवण्याचें धाडस शक्य झालें. १९५९ च्या सुमारास मध्यवर्ती सरकारनें पैदास केंद्रें काढलीं, त्यांपैकीं एक मुंबईस होतें. महाराष्ट्र शासनानें खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपति संभाजीनगर येथें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रें चालविलीं. १९७१ सालीं बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वर हॅचरीज ही संस्था स्थापिली, आणि पुणें हें या उद्योगाचें मोठें केंद्र बनलें. १९८२ मध्यें राव यांच्याच पुढाकारानें अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिति उभी राहिली. पूर्वीं दलाल सांगेल तो भाव मुकाट्यानें घेणारा उत्पादक तेव्हांपासून आपला भाव आपण जाहीर करूं लागला. हें काम लहान नव्हे. स्वस्त अंडें शहरांतील मुलांच्या ताटांत आलें तें या यंत्रांमुळें आणि या संघटनेमुळें.

आतां पुन्हां इगतपुरीच्या पाड्यावर यावें. तेथील बाईची वही निराळी आहे. तिला वर्षाकाठीं तीनशें अंडीं नकोत. तेवढ्यांना घालावयास दाणा कोठून आणावा? तिची कोंबडी सांडलेलें भात, किडे, वाळवी वेंचून पोट भरते. ती खुडुक झाली म्हणजे घरांत भांडवल वाढण्याची वेळ आली. बारा अंड्यांतून आठदहा पिलें निघतात. घार, मुंगूस आणि रानमांजर यांचा वांटा जाऊन चारपांच हातीं लागलीं तरी पाहुणचार, औषधपाणी किंवा शाळेची वही यांची सोय होते. जो गुण कारखान्यांत दोष, तोच येथें ठेव. अर्थात् देशी रीतींत उणें नाहीं असें मुळींच नाहीं. या भागांत वर्षाला शंभर इंचांहून कितीतरी अधिक पाऊस पडतो; आषाढांत निघालेलीं पिलें गारठ्यानें व ओलीनें पटापट मरतात. मानमोडी आली तर एका आठवड्यांत खुराडें रिकामें होतें. या हानीची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं, म्हणून ती लहान समजली जाते एवढेंच.

या कुटुंबांसाठीं शास्त्रज्ञांनीं पुढें मधल्या जाती काढल्या: बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज. रंग देशी, अंगानें भरदार, अंडीं देशीच्या दुपटीहून अधिक. पण त्या सहसा खुडुक होत नाहींत. म्हणजे दर खेपेस नवीं पिलें विकत आणणें आलें. त्यांत खंड पडला कीं पाड्यावरील वंश तेथेंच थांबतो.

असा खंड कसा पडतो, हें २००६ सालीं उत्तर महाराष्ट्रानें पाहिलें. १८ फेब्रुवारी रोजीं नवापूर येथील कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचें जाहीर झालें. भारतांत ही साथ प्रथमच आली होती. लाखों पक्षी नष्ट करण्यांत आले, आणि पुढच्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतही तेंच करावें लागलें. साथ पसरूं नये म्हणून हें अवश्यच होतें. पण त्या क्षेत्रांतील मोठ्या शेडबरोबर आदिवासींच्या अंगणांतील कोंबड्याही गेल्या. शेडवाल्याला कालांतरानें यंत्रांतून निघालेलीं पिलें मिळालीं. अंगणांतील खुडुक कोंबडी मात्र कोणत्याही केंद्रांत विकत मिळत नव्हती. ती कोणा नातलगाच्या पाड्यावरून काखेंत धरून आणावी लागे.

इगतपुरीसारख्या भागांत एक जुनी युक्ति म्हणूनच कामास येते. सरकारी केंद्रांतून पिलांऐवजीं सुधारलेल्या जातीचीं उबवणुकीचीं अंडींही विकत मिळतात. तीं पाटींत पेंढ्यावर मांडावयाचीं आणि संध्याकाळीं अंधार पडतांना घरची देशी खुडुक कोंबडी हलकेच त्यांवर बसवावयाची. सातव्या दिवशीं रात्रीं दिव्यापुढें एकेक अंडें धरून पाहावें. वांझ निघतील तीं काढून टाकावीं. अंडें कोणाचें याची चौकशी कोंबडी करीत नाहीं. जिच्या आईला आणि आजीला कधीं बसतां आलें नाहीं, तें पिलूं एकविसाव्या दिवशीं तिच्या पंखाखालून मान बाहेर काढतें आणि तिच्यामागें अंगण उकरूं लागतें.