रंगभवनातला गोंगाट

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर 2019 ला यू-टू येऊन गेले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. आमच्या नवी मुंबईतल्या मुलांना त्यामुळे वाटते की रॉक म्हणजे परदेशातून येणारी, महागड्या तिकिटाची चीज. म्हणून ही इथल्याच एका बँडची हकीकत.

रॉक मशीन हा बँड 1984 मध्ये मुंबईत उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल. पुढे जमलेल्या संचात मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया, जयेश गांधी, मार्क मेनेझिस. नुसती नावे वाचली तरी धोबी तलावला एक फेरी मारल्यासारखे वाटते. त्याच धोबी तलावला रंगभवन होते, उघड्या आभाळाखालचे नाट्यगृह. 1986 पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि कॉलेजची पोरे तुटून पडू लागली.

पण या पोरांना हवी असत इंग्लंड-अमेरिकेची गाजलेली गाणी, हुबेहूब. स्वतःचे गाणे सुरू केले की खालून फर्माईश यायची, कधी शिव्याही. नक्कल वाईट असते असे मी म्हणणार नाही. आमच्या उर्दूत तरही मुशायऱ्यात ओळ दुसऱ्याचीच देतात, पण तिच्यावर बेतलेली गझल मात्र स्वतःची लागते. रॉक मशीननेही इतरांची गाणी वाजवूनच हात बसवला आणि 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. माझ्या मते त्यांची खरी हिंमत इथे आहे; मोठ्या आवाजात तर कोणीही वाजवतो.

1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले. इंडस म्हणजे सिंधू, जिच्यावरून हिंद हा शब्द आला आणि जिचे बहुतेक पाणी आज पाकिस्तानातून वाहते. जमलेले नाव टाकून देणे धंद्याच्या दृष्टीने धोक्याचेच. 1995 ला त्याच नावाचा अल्बम आला, 1997 मध्ये बँड फुटला.

पुढे रंगभवनही गप्प झाले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालयांभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागले. रंगभवनच्या शेजारी कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स कॉलेज. नियम मशिदीच्या भोंग्याला तोच, गणपतीच्या मंडपाला तोच, आणि आजाऱ्याला झोप मिळायलाच हवी. माझी तक्रार एवढीच की नवख्या बँडला परवडेल अशी दुसरी जागा शहराने त्या मोबदल्यात दिली नाही. स्टेडियम मोठ्यांसाठी असते. शिकाऊ पोरांनी चुकायचे कुठे?

2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आले, 2012 ला ‘इव्हॉल्व्ह’ निघाला. रंगभवन रॉकसाठी तेव्हाही बंदच होते.